दाते-कर्व्यांचे खंड अजून का ठेवलेत?

मी मुद्रितशोधन करते. घरी येणारे बहुतेक जण कपाटातल्या दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाकडे बघून एकच विचारतात, "सगळे कोश आता मोबाईलवर फुकट आहेत ना? मग हे खंड कशाला?"

आहेत की, आणि दिवसभर मीही तेच वापरते. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाने जालावर आणला. बृहद्कोश या संकेतस्थळावर तर एका शब्दाला अनेक कोशांतले अर्थ एकाखाली एक दिसतात. या लोकांचे उपकार फिटायचे नाहीत.

पण गेल्या पावसाळ्यात एका अनुवादक मैत्रिणीचा फोन आला. तिला 'नाव'चे वाक्प्रचार हवे होते; जालावरच्या दाते-कर्व्यांत शोधलं आणि समोर नुसती होडी! "दात्यांकडे 'नाव ठेवणे' नाही, असं कसं होईल गं?"

"'ना'वर टिंब दे," मी म्हटलं. "नांव."

भलीमोठी नोंद उघडली.

न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. दाते-कर्व्यांचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ मधले. तिथे पाच म्हणजे पांच, काही म्हणजे कांहीं. क्रियापदं तर झाडून सगळी टिंब घेऊन उभी: करणें, उसवणें. शोधयंत्र अक्षरन्‌अक्षर जुळवणारं असलं, की आजचं शुद्ध लिहिणारा रिकाम्या हाताने परततो आणि शब्दच नाही असं धरून चालतो. याचं मला फार वाईट वाटतं. छापील खंडात चार पानं मागेपुढे चाळली की नांव सापडतंच. म्हणून आधी खंड काढते, जुनं लेखन बघते, मग तेच टाइप करते.

दुसरं कारण कंसातली अक्षरं. (गो.), (व.), (राजा.) म्हणजे गोमंतकी, वऱ्हाडी, राजापुरी. शब्द कुठल्या मातीतला, ते या एकदोन अक्षरांत असतं. पण त्यांचा उलगडा खंडाच्या सुरुवातीच्या पानांवर, आणि थेट शब्दावर पोचणाऱ्याच्या वाटेत ती पानं येतच नाहीत. वऱ्हाडी आजीच्या तोंडी शब्द घालताना हे कळायलाच हवं.

माझ्याकडचं संक्षेपांचं पान वापरून वापरून शिवणीतून सुटलंय. त्याचा फोटो मी मागेल त्याला पाठवते. तुम्हाला हवा असेल तर सांगा.