आमची वाटचाल: १४० की २८०?

२०१४ मध्ये नाशिकला दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग, म्हणजे त्यांच्या वतीने विम्याकडे पैशांचे दावे (क्लेम) पाठवायचं काम, सुरू केलं. मी आणि माझी बी.फार्म. झालेली धाकटी बहीण. पहिली कामं फॅमिली डॉक्टरांची, साधी. मग एका कॅन्सर क्लिनिकचं काम आलं.

तिकडे केमोच्या इंजेक्शनांना जे९००० पासून जे९९९९ पर्यंतचे कोड लागतात. कोड सापडतो, खरी मेख युनिटमध्ये, म्हणजे औषध ज्या मापाने मोजून बिल करायचं त्यात आहे. कार्बोप्लॅटिनचं एक युनिट म्हणजे ५० मिलिग्रॅम, पेम्ब्रोलिझुमॅबचं १, ऑक्सॅलिप्लॅटिनचं चक्क अर्धा. पॅक्लिटॅक्सेलचं ३० होतं, जानेवारी २०१५ मध्ये नवा कोड येऊन १ झालं.

आम्ही चुकलो ते ऑक्सॅलिप्लॅटिनवर. रुग्णाला १४० मिलिग्रॅम दिलेलं, आम्ही १४० युनिट लावले. हवे होते २८०. क्लेम नाकारला असता तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. पण तो मंजूर व्हायचा, अर्धे पैसे यायचे आणि सगळं सुरळीत दिसायचं. क्लिनिकच्या मॅनेजरबाईंनी औषधखरेदीची बिलं जुळवायला घेतली तेव्हा उघड झालं. बरेच क्लेम दुरुस्त करून पाठवले. काहींची मेडिकेअरची (तिकडची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) एक वर्षाची मुदत उलटून गेली होती. ती रक्कम आम्ही आमच्या फीमधून वळती केली. पुढचे सहा महिने पगार कसे केले ते आमचं आम्हाला ठाऊक. क्लिनिक मात्र आजही आमच्याकडे आहे.

तेव्हापासून नर्सची नोंद समोर ठेवून दोघांनी वेगवेगळा हिशोब करायचा, हा बहिणीचा नियम. उरलेल्या औषधाचाही. १०० आणि ५० च्या कुप्या फोडून १४० दिलं, तर टाकून दिलेल्या १० मिलिग्रॅमचे २० युनिट वेगळ्या ओळीत, कोडला जेडब्ल्यू ही ‘वाया गेलं’ सांगणारी खूण लावून. जुलै २०२३ पासून मेडिकेअरला, काहीच वाया गेलं नसेल तर जेझेड लावून तसंही सांगावं लागतं. युनिट जास्त लागले तरी नुकसान होतंच: मेडिकेअरच्या रुग्णाच्या वाट्याला साधारण २० टक्के येतात, म्हणजे आमच्या चुकीचं बिल केमो घेणाऱ्या माणसाच्या घरी जाणार. बहीण नव्या मुलामुलींना हे सर्वांत आधी सांगते.

आता आम्ही चौदाजण आहोत. दर तिमाहीला बदललेले कोड येतात. त्या संध्याकाळी बाकीचं काम थांबतं आणि युनिटचा रकाना मोठ्याने वाचला जातो, एकेक ओळ.