सव्वा फुटाचं झाड, तीन मीटरचं नाव

बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: नेचर स्ट्रिपवर झाड लावायच्या ऑनलाइन अर्जात झाडाचं नाव यादीतून निवडू नका. यादीच्या तळाशी 'इतर' असतं. ते निवडा आणि पूर्ण नाव स्वतः टाइप करा, बागेतल्या वाणाच्या नावासकट. हे मला फेब्रुवारीत कोणी सांगितलं असतं तर ऑगस्ट उजाडला नसता.

मेलबर्नच्या आग्नेयेला, शेतं मोडून वसवलेल्या एका नव्या उपनगरात आमचं घर आहे. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला इथे नेचर स्ट्रिप म्हणतात. जागा काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गवत कापायचं आपण. आमच्या पट्टीत गवत कमी आणि बिल्डरने पुरलेले विटांचे तुकडेच जास्त. तिथे इथल्याच मातीतलं, कमी पाण्याचं काहीतरी लावावं म्हणून मी बँक्सियाची, म्हणजे कणसासारखी फुलं येणाऱ्या ऑस्ट्रेलियन झुडपाची, तीन रोपं आणली. बँक्सिया स्पिन्युलोसा, वाण 'बर्थडे कँडल्स'. उंची साधारण अर्धा मीटर, पसारा मीटरभर. काउन्सिलचीही अट तीच, अर्ध्या मीटरपेक्षा उंच काही नको, गाडी बाहेर काढताना रस्ता दिसला पाहिजे. अट रास्त आहे, तिच्याशी माझं भांडण नाही.

अर्जातलं बाकी सगळं एका संध्याकाळीत उरकलं. नकाशा वहीच्या कागदावर काढून त्याचा फोटो टाकला, तो चालला. जमिनीखालच्या वायरी आणि पाइप कुठून जातात ते 'बिफोर यू डिग'वर फुकट कळतं. मग आला झाडाच्या नावाचा रकाना. यादी उघडली. यादी जुनी होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तिच्यात ड्रायँड्रा हा वंश वेगळा होता. ऑस्टिन मास्ट आणि केव्हिन थीले यांनी २००७ सालीच सगळ्या ड्रायँड्रा बँक्सियात आणून बसवल्या आहेत. मी आपलं 'बँक्सिया स्पिन्युलोसा' निवडलं. शेजारच्या 'पूर्ण वाढीची उंची' या रकान्यात आपोआप ३ मीटर उमटलं, करड्या रंगात. खोडता येईना, बदलता येईना. मी खाली शेऱ्यात लिहिलं की हा बुटका वाण आहे, अर्धा मीटरच वाढतो, आणि अर्ज पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नामंजूर. कारण, उंची.

फोन केला. पस्तीस मिनिटं पेटीवादन ऐकल्यावर एक बाई आल्या, गोड बोलल्या, म्हणाल्या शेरा आम्ही वाचतो, पण उंची जास्त असेल तर अर्ज आमच्यापर्यंत येतच नाही. म्हणजे शेरा वाचतात, पण अर्ज येत नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, सातबाऱ्यावर नाव लावताना तुझ्या सासऱ्यांना तलाठ्याकडे एवढे हेलपाटे पडले नव्हते. आणि ते दोन एकर होतं, तुझी ही कुंडी आहे."

बाईंनी सुचवलं, रोपाला नर्सरीचा टॅग असतो, त्याचा फोटो जोडून पुन्हा अर्ज करा. आता टॅगचं असं झालं होतं की आमच्या चिरंजीवांनी तो शाळेच्या पुस्तकात खूण म्हणून घातला होता आणि खूण फार लांब होते म्हणून अर्धी कापली होती. उरलेल्या अर्ध्यावर सोनेरी कणसाचं चित्र आणि एकच शब्द: 'कँडल्स'. तोच पाठवला. दुसरं काय करणार!

या वेळी अर्ज माणसापर्यंत पोचला आणि माणूस जाणकार निघाला, हे माझं दुर्दैव. त्याने लिहिलं की 'जायंट कँडल्स' नावाचीही बँक्सिया बाजारात आहे. स्पिन्युलोसा आणि एरिसिफोलिया यांचा संकर, चार-पाच मीटर वाढतो, कणसं ४० सेंटिमीटरपर्यंत लांब. तुमच्या टॅगवरून तुमचं रोप यांतलं कोणतं ते ठरत नाही. सिद्ध करा.

रागावले मी, पण खरं सांगते, बँक्सियाचा नाद मला त्या पत्राने लावला. रोप कुठलं हे सिद्ध कसं करायचं? आधी वाटलं फुलावरून होईल. स्पिन्युलोसाच्या कणसातून ज्या लालसर तारा बाहेर येतात त्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. म्हणूनच तिला हेअरपिन बँक्सिया म्हणतात. पण एरिसिफोलियाचीही टोकं वळलेलीच असतात, मग दोघींच्या लेकराची सरळ कशी असतील? हा पुरावा बाद. आणि मुळात माझ्या रोपांना तेव्हा फूलच नव्हतं. मग पानं. एरिसिफोलियाचं पान सुईसारखं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं. स्पिन्युलोसाचं त्याहून बरंच लांब, टोकाशी बारीक दाते. संकराचं मधलं. म्हणजे मोजलं की झालं! एका रविवारी क्रॅनबर्नच्या बोटॅनिक गार्डनमध्ये गेले, घरची तीन पानं पाकिटात आणि कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पर्समध्ये. तिथली रोपं पाटीसकट लावलेली आहेत, हे फार सोयीचं. (पानं तिथली तोडायची नाहीत, आपली नेऊन शेजारी धरायची.) माझी पानं स्पिन्युलोसाशी जुळली असं मला वाटलं, नवऱ्याला संकराशी जुळली असं वाटलं. कोवळ्या रोपाची पानं मोठ्या झाडापेक्षा वेगळी असू शकतात, हा तिसरा घोळ.

या घोळाचा उत्तम नमुना पुढे माझ्याच घरात उगवला. शेजारच्या ग्रीक आजींनी त्यांच्या झाडाच्या बिया दिल्या होत्या, बँक्सिया इंटेग्रिफोलिया, समुद्रकाठची. तिची फळं, इतर बऱ्याच बँक्सियांसारखी, उघडायला वणव्याची वाट बघत नाहीत, पिकली की आपोआप उघडतात. इंटेग्रिफोलिया म्हणजे कडा अखंड असलेलं पान. आणि उगवलेल्या प्रत्येक रोपाच्या पानाला करवतीसारखे दाते! मला वाटलं आजींनी दुसरंच काही दिलं. आजी हसल्या, म्हणाल्या लहानपणी दात असतात, मोठेपणी पडतात. मोठ्या झाडावर पाहिलंत तर पानं तीन ते पाचच्या चक्रात येतात आणि खालून पांढरी असतात. ओळखायचं ते त्यावरून.

आजींनी बँक्सिया सेराटाचं कणीसही दिलं होतं, राखाडी, पन्नास मिटलेल्या ओठांचं. ते उघडायला ओव्हन लागतो. १२० अंशांवर पाऊण तास, मग रात्रभर पाण्यात, मग उन्हात. ओठ फुटले की आत पंख असलेल्या दोन बिया आणि मधे एक लाकडी पडदा. पडदा पेरू नका, मी पेरला होता. ओव्हनला दोन दिवस होमाचा वास येत होता. सासूबाईंना तो आवडला.

पण सासूबाईंवरून आठवलं, खत! हे मी वर सांगायला हवं होतं. रोपं कुंडीत अडकून पडली, मलूल दिसायला लागली, तर त्यांनी मायेने टोमॅटोचं खत घातलं. तीन आठवड्यांत एका रोपाची पानं पिवळी, मग काळी, मग काडी. बँक्सियाची मुळं दाट केसाळ झुपक्यांची असतात, निकस जमिनीतलं कणभर फॉस्फरस ओरपून घ्यायला बनलेली. भरपूर मिळालं तर त्यांना थांबता येत नाही आणि झाड त्यानेच मरतं. 'नेटिव्ह'साठीचं, कमी फॉस्फरसचं खत घ्या, नाहीतर काहीच घालू नका. आईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. झाडाला पाणी जास्त झालं असं सांगितलंय. (पश्चिम ऑस्ट्रेलियाची लालभडक बँक्सिया कोक्सिनिया मात्र खरोखरच माझ्या चिकणमातीत पाण्याने गेली. मेलबर्नात पूर्वेकडच्या जातींपासून सुरुवात करा आणि माती उंचवटा करून घ्या.)

मे महिन्यात उरलेल्या दोन रोपांपैकी एकावर करंगळीएवढा तपकिरी कोंब आला. मी रोज सकाळी बघत होते. जूनमध्ये तो वीतभर सोनेरी मेणबत्ती झाला, लाल तारा, टोकं वळलेली. अख्खं रोप सव्वा फुटाचं आणि त्यावर वीतभर फूल. संकर या उंचीला असा फुललेला मी तरी पाहिलेला नाही. स्टीलची पट्टी शेजारी उभी करून फोटो काढला, नर्सरीकडून पावतीची प्रत मागवली आणि तिसरा अर्ज भरला. पावतीचं आधीच सुचायला हवं होतं, कबूल. नर्सरीने ती दहा मिनिटांत ईमेल केली.

जुलैअखेर फोन आला. या वेळी कोणी तरुण मुलगा होता. म्हणाला, फोटो छान आहे, पण त्याची गरज नव्हती, तुम्ही यादीत 'इतर' निवडून वाणाचं नाव का नाही लिहिलंत? मग उंची तुम्हालाच भरता आली असती. मी एवढंच विचारलं की हे अर्जावर कुठे लिहिलंय. तो म्हणाला, चांगली सूचना आहे, पुढे कळवतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि सोलँडर यांनी सिडनीजवळच्या बॉटनी बेला बँक्सियाचे नमुने गोळा केले १७७० साली, आणि धाकट्या लिनियसने (प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या मुलाने) बँक्स यांच्यावरून बँक्सिया हे नाव छापलं १७८२ साली. बारा वर्षं. त्या मानाने माझं सहा महिन्यांत झालं असं नवरा म्हणतो. त्याला या घराण्यातलं एकच झाड माहीत होतं, तेही नकळत: आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक. ओक नव्हेच तो, ग्रेव्हिलिया रोबस्टा, पूर्व ऑस्ट्रेलियाचा, बँक्सियाचा चुलतभाऊ. बातम्यांत 'सिल्व्हर ओक'वर बैठक झाली म्हणतात तेव्हा मला आता बंगला नाही, झाड दिसतं.

रोपं ऑगस्टमध्ये लावली. एप्रिलमध्ये लावली असती तर इथल्या जून ते ऑगस्टच्या हिवाळ्याच्या पावसात मुळं खोल गेली असती. आता पहिला उन्हाळा मला बादलीने पाणी घालावं लागणार. मंजुरी तीन रोपांची आहे आणि जागेवर दोनच आहेत. तिसरं लावायचं तर त्याच वाणाचं हवं. परवा नर्सरीत गेले होते. 'बर्थडे कँडल्स' यंदा नाहीत. 'जायंट कँडल्स' आहेत, हव्या तेवढ्या.