आरव्ही-७ए: कॅनोपीच्या फेअरिंगचा तडा, दुसऱ्यांदा

आरव्ही-७ए हे मी स्वतः बांधलेलं लहान विमान. त्याच्या कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, कडेच्या फेअरिंगला (फट झाकणाऱ्या पट्टीला) पुन्हा तडा गेला. दुरुस्तीत दोन शनिवार-रविवार मिळून चौदा तास गेले. डाव्या कोपऱ्यातला तडा उकरून काढला, फायबरग्लासच्या कापडाचे चार थर बसले, आकार जवळपास आला. रंग बाकी आहे.

माझी कॅनोपी टिप-अप, म्हणजे पुढच्या बिजागऱ्यांवर उघडणारी. ॲक्रिलिकची पुढची कड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यामधली फट फायबरग्लासच्या फेअरिंगने झाकलेली असते, आणि ती हातानेच थर चढवून करावी लागते. मागच्या वर्षी कंडिशन इन्स्पेक्शनच्या (विमानाच्या वार्षिक तपासणीच्या) वेळी तिथे केसाएवढी रेघ दिसली. मी वरवर घासून लांबी (पुट्टी) भरली आणि रंग मारला. यंदा तीच रेघ १४ सेंटीमीटरची झालेली. तडा हलत असेल तर लांबी टिकत नाही. तिथे कापडच लागतं.

नाण्याने टकटक करत गेलो. धड भागात आवाज खणखणीत, सुटलेल्या भागात बद्द. बद्द आवाज तड्याच्या टोकापलीकडे आणखी ५ सेंटीमीटर येत होता. तेवढं सगळं काढलं, आणि सुटलेला तुकडा उलटा केल्यावर खरं कारण हातात आलं: त्याचं पोट काचेसारखं गुळगुळीत होतं. मूळ बांधणीत या कोपऱ्यात मी ॲक्रिलिक पुरेसं खरवडलंच नव्हतं. कापड भिजवायचं रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) तिथे नुसतं टेकलं होतं, धरलं नव्हतं.

आणि या सांध्यावर ताण भरपूर असतो. ॲक्रिलिक तापलं की ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट पसरतं. एक मीटर लांबीत ३० अंशांचा फरक पडला, तर ॲक्रिलिक सुमारे २ मिलिमीटर वाढतं आणि पत्रा पाऊण मिलिमीटरही नाही. मधलं अंतर फेअरिंगला सोसावं लागतं. इलिनॉयचा जानेवारी आणि जुलैतलं ऊन धरलं तर ३० अंश काहीच नाहीत. त्यात मी डाव्या पंखावर उभा राहून कॅनोपी नेहमी एकाच बाजूने उचलतो, त्यामुळे चौकट थोडा पीळ खाते. ती सवय आता बदलली आहे.

या वेळी कडेची पट्टी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण पांढुरकी होईपर्यंत खरवडली. त्यापलीकडच्या ॲक्रिलिकवर इलेक्ट्रिकल टेपचे दोन थर, कारण पेपर एकदा तरी घसरतोच. जुने थर २ मिलिमीटर जाड, म्हणून दोन्ही बाजूंना २४ मिलिमीटरचा उतार दिला, १ ला १२. साफसफाई साबणाच्या पाण्याने केली. ॲसिटोनची बाटली मी गॅरेजबाहेरच ठेवली होती. ॲक्रिलिकला ते लागलं की बारीक तड्यांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही.

थर चढवताना कॅनोपी बंद आणि लॅच लावलेली हवी. उघडी असताना केलेली दुरुस्ती बंद केल्यावर बसेलच असं नाही. खाली प्लास्टिक सरकवलं, नाहीतर कॅनोपी विमानाला चिकटून बसेल.

रेझिन वेस्ट सिस्टिम १०५ हे एपॉक्सी, ते कडक करणारं हार्डनर २०६, प्रमाण पाचास एक. हीटर लावून गॅरेज २२ अंशांवर आणलं. या तापमानाला कपातलं मिश्रण वीसेक मिनिटं टिकतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवलं. आधी उघड्या भागावर नुसतं रेझिन, कोपऱ्याच्या खाचेत कापसाचा भुसा घातलेलं घट्ट मिश्रण, मग ४५ अंशांत कापलेल्या पट्ट्या. तिरकं कापड गोलाईवर सुरकुती न पडता झोपतं. पट्ट्या प्लास्टिकच्या दोन तावांमध्ये भिजवून मगच कापल्या. धागे सुटत नाहीत आणि जादा रेझिन तिथेच निथळतं. सगळ्यात वर पील प्लाय, म्हणजे रेझिन सुकल्यावर सोलून काढायचं कापड.

दुसऱ्या दिवशी पील प्लाय ओढली. खाली एकही बुडबुडा नव्हता. तो क्षण फार सुखाचा होता! जिथे पील प्लाय पोचली नव्हती तिथला मेणचट थर पाण्याने धुतला.

आकारासाठी मायक्रोबलूनची (बारीक पोकळ गोळ्यांच्या भुकटीची) हलकी लांबी. अंतर्गोल भाग पीव्हीसी पाइपला पॉलिश पेपर गुंडाळून घासला. डोळे मिटून बोटं फिरवली की खड्डा लगेच कळतो. एका ठिकाणी कापडाची वीण दिसू लागली, तिथे हात थांबवला. आणखी घासलं असतं तर कापडच कापलं गेलं असतं. तिथे आणखी लांबी भरीन.

पुढे सुईच्या टोकाएवढी भोकं रेझिन पुसून बुजवायची, मग प्रायमर. जुलैच्या अखेरीस ऑशकॉशच्या विमान मेळाव्याला उडत जायचं आहे.

काल उजव्या कोपऱ्यावरही नाणं वाजवून पाहिलं. एका जागी आवाज किंचित बद्द आला. तिथे खडूने खूण केली आहे.