‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे किती मीटर?

घरांच्या जाहिरातीत काही शब्द वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले आहेत. स्टेशन हाकेच्या अंतरावर, निसर्गाच्या सान्निध्यात, सुसंस्कृत वस्ती, भरपूर पाणी, गुंतवणुकीची सुवर्णसंधी. लिहिणाऱ्याला हे शब्द निरुपद्रवी वाटतात, कारण त्याच्या लेखी ते कौतुक असतं. वाचणारा मात्र ‘हाकेच्या अंतरावर’ हे शब्द वाचताना गुडघे दुखणाऱ्या आईला किती चालावं लागेल याचा हिशेब करत असतो. लिहिणाऱ्याचं मत वाचणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर आश्वासन झालेलं असतं. म्हणून फ्लॅट विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या एजंटने, आणि त्याला मजकूर लिहून देणाऱ्याने, स्वतःचं मत जाहिरातीबाहेर ठेवावं असं आमचं ठाम म्हणणं आहे. ते कसं जमवायचं, ते इथे महाराष्ट्रातल्या व्यवहारांपुरतं मांडतोय.

आधी कायदा, थोडक्यात. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यातली जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात प्रकल्पाची माहिती देणारं किंवा विक्रीचा प्रस्ताव मांडणारं सगळं त्यात येतं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्डही आला आणि तीस सेकंदांचा रीलही आला. कलम १२ बिल्डरवर जबाबदारी टाकतं: जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. एजंटसाठी कलम १० आहे. सेवेबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं बोलायचं नाही, बिल्डरकडे नसलेल्या मंजुरीचा दावा करायचा नाही. रीसेल फ्लॅटला रेरा क्रमांक नसेलही, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता खरं काम. ‘सुंदर’ किंवा ‘देखणा’ म्हटल्यामुळे सहसा कुणी तक्रार करत नाही. ही आवडनिवड आहे हे वाचणाऱ्यालाही कळतं. घोटाळा होतो तो माहितीसारख्या दिसणाऱ्या मतांत. प्रशस्त, जवळ, शांत, सुरक्षित, हवेशीर. यातल्या प्रत्येक शब्दामागे मोजता येण्यासारखी एक गोष्ट असते आणि ती मोजलेली नसते म्हणूनच विशेषण लावलेलं असतं.

‘प्रशस्त’ घ्या. समजा डोंबिवली पूर्वेला रीसेलचा टू बीएचके आहे आणि मालक ‘साडेआठशे फूट’ म्हणतोय. हा आकडा बहुधा सुपर बिल्ट-अप असतो. जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा त्यात मिसळलेला असतो. टेप किंवा लेझर मीटर घेऊन खोलीनिहाय मोजा. हॉल १० बाय १६ म्हणजे १६०, किचन ८ बाय ९ म्हणजे ७२, एक बेडरूम १० बाय १२ म्हणजे १२०, दुसरी १० बाय ११ म्हणजे ११०, दोन बाथरूम प्रत्येकी ४ बाय ७ म्हणजे ५६, पॅसेज ३ बाय ९ म्हणजे २७. बेरीज ५४५ चौरस फूट. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळात, धरतात. साडेचार इंची भिंत एकूण ४० फूट लांब असेल तर आणखी १५. झाले ५६०. त्याला १०.७६४ ने भागलं की ५२ चौरस मीटर. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या फ्लॅटचीच असलेली बाल्कनी आणि ओपन टेरेस यात धरायची नाही. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण बाल्कनी काढून हॉल वाढवलेला असतो आणि मोजणारा टेप सरळ ग्रिलपर्यंत ओढतो. मूळ भिंत कुठे होती ते वरच्या बीमवरून बहुतेक वेळा कळतं, आणि मंजूर नकाशात तर दिसतंच. टेप तिथेच थांबवा आणि बाल्कनीचं माप वेगळं लिहा. ५६० हा आकडा ८५० पुढे केविलवाणा वाटेल म्हणून मालक कुरकुर करतो. पण साइटवर येऊन हिरमुसून परत जाणाऱ्या वीस लोकांपेक्षा ५६० वाचून आलेले चार कामाचे.

फोटोही मत मांडतात, हे विसरलं जातं. मोबाइलची ०.५ ची लेन्स दहा फुटांची खोली पंधराची करून दाखवते. १ ची लेन्स ठेवा, दारात उभं राहून छातीच्या उंचीवरून फोटो घ्या, आणि चौकटीत कुठेतरी दार येऊ द्या, म्हणजे नजरेला माप मिळतं. उजेडाचा फोटो असेल तर खाली वेळ लिहा: ‘मे महिन्यात सकाळी ९ वाजता’. पश्चिमेकडच्या खिडकीचा सायंकाळी पाचचा फोटो टाकून ‘भरपूर सूर्यप्रकाश’ लिहिलं, तर राहणाऱ्याला उन्हाळ्यात तो प्रकाश नको नकोसा होतो.

अंतरासाठी इमारतीच्या गेटपासून स्टेशनच्या पुलाच्या पहिल्या पायरीपर्यंत चाला. कामाच्या दिवशी, सकाळी साडेआठला. नकाशावरची सरळ रेष उपयोगाची नाही. मधे नाला, रेल्वेची भिंत किंवा बंद केलेली गल्ली असते. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ‘पाच मिनिटं’ लिहायचं असेल तर अंतर ४०० मीटरच्या आत हवं. ११०० मीटर असेल तर चौदा मिनिटं होतात, तेवढीच लिहा. पावसाळ्यात तो रस्ता तुंबत असेल तर तेही लिहा. हे लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं असा समज आहे. प्रत्यक्षात ते टोकन देण्याआधी पळतं, आणि तेव्हाच पळालेलं सगळ्यांच्या हिताचं.

पाण्याचं तर विचारूच नका. ‘चोवीस तास पाणी’ हे सोसायटीच्या वॉचमनचं मत असतं आणि ते जाहिरातीत जसंच्या तसं उतरतं. विचारायचं पंप चालवणाऱ्याला: पालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ, गेल्या मे महिन्यात टँकर किती आले. मग सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरच्या खर्चाची ओळ बघायची. ओळ असेल तर जाहिरातीत लिहा: ‘पालिकेचं पाणी रोज सकाळी ६ ते ७.३०, टाकीतून दिवसभर, उन्हाळ्यात टँकर’.

वास्तूबद्दल घरोघरी श्रद्धा आहे, तिच्याशी भांडायचं कारण नाही. पण ‘वास्तुशास्त्रानुसार’ हा निवाडा आपण देऊ नये. दिशा सांगाव्या: मुख्य दार पूर्वेला, ओटा आग्नेयेला. निष्कर्ष ज्याचा तो काढेल. दिशा बघताना फोन ग्रिल, लिफ्ट किंवा लोखंडी सेफ्टी डोअरजवळ धरू नका, होकायंत्र हमखास चुकतं. दारापासून सहा-सात फूट आत या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या, आडवा धरा आणि दोन ठिकाणी तीच दिशा येते का बघा.

भविष्याबद्दलची मतं जास्त महागात पडतात, कारण त्यांच्यावर माणूस कर्ज काढतो. ‘पाच वर्षांत दुप्पट’ याचा अर्थ दरसाल चक्रवाढीने जवळजवळ १५ टक्के. हे वाक्य लिहिणाऱ्याने तो हिशेब केलेला नसतो. उलवे-पनवेल पट्ट्यात ‘विमानतळ येतोय’ या एका वाक्यावर किती वर्षं घरं विकली गेली ते आठवा. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. विमानतळ आला, म्हणजे वाक्य खोटं नव्हतं. पण ‘लवकरच’ हा त्यातला शब्द मत होता, आणि हप्ते मात्र त्या शब्दावर बसले होते. मेट्रो, रिंग रोड, पूल यांबद्दल फक्त आजची स्थिती तारखेसह लिहावी: मंजूर, निविदा निघाली, काम सुरू, वापरात. ‘-णार’ने संपणारं क्रियापद जाहिरातीत आलंच तर त्याच्यामागे सरकारी कागद असला पाहिजे.

भावाबद्दल बोलायचंच असेल तर मत सोडा आणि नोंदी द्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स २ (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश देणारे उतारे) बघा, रक्कम भागिले कार्पेट करा, महिना लिहा. दोनच व्यवहार सापडले तर दोनच सापडले असं लिहा. रेडी रेकनरचा दर बाजारभाव म्हणून देऊ नका. तो मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे.

आणि माणसांबद्दलची मतं. ‘सुसंस्कृत शेजार’, ‘कॉस्मो सोसायटी’, ‘प्युअर व्हेज’, ‘बॅचलर नको’. असा शब्द आला की आधी विचारावं: हा सोसायटीचा ठराव आहे, मालकाची अट आहे, की आपलाच अंदाज? निम्म्या वेळा तिसरंच असतं. ठराव असेल तर त्याची प्रत मागा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोराष्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला. पण तो नोंदणी झालेल्या सोसायटीचा लेखी उपविधी होता. दलालाच्या तोंडचं ‘इथे आपलीच माणसं आहेत’ हे त्यात बसत नाही. कायद्याचा कीस कितीही काढला तरी आडनाव वाचून माणसाला घराबाहेर ठेवणारी ओळ आपल्या हातून लिहिली जाऊ नये. जाहिरातीने घराचं वर्णन करावं. तिथे कोणी राहावं हे तिने ठरवू नये. राजकारणालाही हेच लागू. ज्या ब्रॉडकास्ट लिस्टवर फ्लॅट पाठवता, त्याच लिस्टवर सरकारबद्दलची भडास किंवा भलामण पाठवू नका. वाचणाऱ्याला दोन्ही एकाच नंबरवरून येतात आणि घराबद्दलचा शब्दही मग तो त्याच तराजूत तोलतो.

तपासणीची पद्धत अशी. मजकूर कागदावर छापून घ्या. प्रत्येक विशेषण आणि प्रत्येक भविष्यकाळ लाल पेनाने अधोरेखित करा. समोरच्या समासात माप, तारीख किंवा कागदाचं नाव लिहा: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं पत्र. समास रिकामा राहिला तर शब्द काढून टाका. डोंबिवलीच्या त्या फ्लॅटची जाहिरात मग अशी होते: ‘टू बीएचके, सातपैकी चौथा मजला, एक लिफ्ट. कार्पेट ५२ चौ.मी. (५६० चौ.फूट), बाल्कनी वेगळी. भोगवटा प्रमाणपत्र आहे. स्टेशनचा पूल चालत ११०० मीटर. मुख्य दार पूर्वेला. पाणी सकाळी ६ ते ७.३०, उन्हाळ्यात टँकर. पार्किंग सोसायटीच्या नियमानुसार, नेमून दिलेली जागा नाही.’ रुक्ष वाटते? घर शोधणाऱ्याला ती रुक्ष वाटत नाही. त्याचे दहा प्रश्न तिथेच सुटलेले असतात.

नंतर फ्लॅट न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ती वाचायला द्या, त्याने काय कल्पना केली ते लिहून घ्या, मग त्याला तिथे न्या. जिथे त्याचा चेहरा बदलतो ती ओळ सुधारायची.

नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. एजंटने स्वतःचाही नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. इथे बिघडतं ते फॉरवर्डमध्ये. चित्र कापलं जातं, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दबून अस्पष्ट होतं आणि कोड स्कॅन होत नाही. कोडभोवती पांढरी मोकळी चौकट ठेवा, छापील पत्रकावर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, आणि मूळ फाइलऐवजी दोनदा फॉरवर्ड झालेलं चित्र दुसऱ्या फोनने स्कॅन करून बघा. प्रत्येक जाहिरातीचं फोल्डर ठेवा: अंतिम मजकूर, मापांचा कागद मालकाच्या सहीसह, महारेराच्या पानाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट. तक्रार दोन वर्षांनी आली तर तेव्हाची आठवण चालत नाही. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख पुढे ढकलली गेली की जुनी जाहिरात त्याच दिवशी सगळीकडून उतरवा.

साइटवर एक प्रश्न हटकून येतो: ‘साहेब, तुम्ही स्वतः घेतला असता का?’ माणूस मनापासून विचारत असतो, त्यामुळे टाळाटाळ करू नये. पण या व्यवहारात मला दलाली मिळते, हे आधी सांगावं; ज्याला यातून पैसे मिळत नाहीत अशा वकिलाला कागद दाखवायला सांगावं आणि मापांचा कागद विचारणाऱ्याच्या हातात द्यावा. ओसी नसताना ‘होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ’ हे एवढं एक मत मात्र तोंडीसुद्धा देऊ नका.