पाणी ओसरल्यावरची पहिली छपाई

वडिलांनी १९७१ साली सांगलीच्या गणपती पेठेत एक ट्रेडल, म्हणजे पायानेही चालवता येणारे छपाईयंत्र, बसवून छापखाना सुरू केला. पुढे लग्नपत्रिका, बिलबुके आणि मार्केट यार्डातील अडत्यांच्या हिशेबपट्ट्या यांवर घर चालले, विजेवर चालणारे ऑफसेट छपाईयंत्र आले, आणि त्या वर्षांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते ऑगस्ट २०१९ चे.

२००५ च्या पुरात दुकानात मांडीएवढे पाणी आले होते. ती खूण आम्ही भिंतीवर जपली होती आणि तिच्याच भरवशावर या वेळी कागद दोन हात वर रचला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. कृष्णा ५७ फुटांवर गेली. दुकान उघडले तेव्हा भिजून फुगलेल्या रिमांनी कपाटाची दारे उखडली होती, ऑफसेटच्या विजेच्या पॅनेलमध्ये चिखल होता आणि केसी (खिळ्यांचे खणांचे ट्रे) उलटून सगळे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, गाळात मिसळले होते.

२ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, म्हणजे वर्गणीच्या पावत्यांचा ऐन हंगाम. उंचावरच्या भागातील ज्या व्यवसायबंधूंना आम्ही वर्षानुवर्षे कागद उसना दिला, त्यांनीच ‘तो छापखाना संपला’ असे सांगून आमच्या मंडळांची कामे दीडपट दराने उचलली. मी भांडायला निघालो, तेव्हा वडिलांच्या वेळचे मशीनमन मामा एवढेच म्हणाले, “मालक, आधी ट्रेडल पुसू.”

ट्रेडलला पॅनेल नसते. रॉकेलने धुऊन, ऑइल देऊन, मोटरचा पट्टा काढून मामांनी ते पायाने चालवले. शाई लावायचे रूळ आणि कागद मिरजेहून आणला. नंबरिंग मशीन मामा रोज डब्यात घालून घरी नेत, म्हणून तेवढे वाचले. (नव्या मुद्रकांनी ही सवय लावून घ्यावी, आणि मालाची यादी दुकानात ठेवू नये, विम्याच्या सर्व्हेअरने मागितले ते स्टॉक रजिस्टर आमच्याकडे लगद्याच्या रूपात होते.)

पहिले काम एका जुन्या हळद अडत्याचे. पैसे आगाऊ ठेवून ते म्हणाले, “छपाई वाकडी आली तरी चालेल, पण पट्टी तुमच्याकडचीच पाहिजे.” जुळणी करताना ‘हळद’मधला ‘ळ’ मिळेना. घरची पिठाची चाळणी आणून आम्ही दोघांनी दुपारभर गाळ चाळला आणि तो शोधला. पट्टी सरळच छापली गेली.

गेल्या वर्षी तेच व्यवसायबंधू पावत्यांवर नंबर टाकून घ्यायला आले. मामांनी काम घेतले. दर मी ठरवला, आणि पैसे आगाऊ घेतले.