नववीच्या वर्गाने दुरुस्त केलेल्या माझ्या कार्यपत्रिका

कुर्ल्यातील ज्या माध्यमिक शाळेत मी शिकवते, तेथे गेल्या वर्षी नववीसाठी ‘कामाच्या जगाची ओळख’ या विषयावर सहा कार्यपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षणावर भर दिल्यापासून असे काम कोणाच्या तरी गळ्यात पडतेच. माझ्या गळ्यात पडण्याचे कारण एवढेच की त्या बैठकीला मी उशिरा पोहोचले होते.

तयार साहित्य इंटरनेटवर भरपूर मिळाले, पण त्यातील बरेचसे परदेशी साहित्याचे भाषांतर होते. त्यातली माणसे भल्यामोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होती. आमची मुले मात्र साकीनाक्याच्या गाळ्यावर वडिलांचा डबा पोहोचवतात आणि लग्नसराईत केटररकडे पाणी वाटायला जातात. तरीही वेळ वाचावा म्हणून मी त्यातली काही वाक्ये जशीच्या तशी उचलली आणि तेथेच फसले. ‘यंत्रावर काम करताना नेहमी हातमोजे घालावेत’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, लेथवर हातमोजे घातले तर हात आत जाईल.” त्याचे वडील टर्नर आहेत, म्हणजे लेथ या यंत्रावर धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला आकार देतात. फिरत्या यंत्रात हातमोज्याचे टोक, सैल बाही, ओढणी किंवा मनगटावरचा धागा अडकला की त्यामागोमाग हातही ओढला जातो; म्हणून लेथ आणि ड्रिल मशीनवर हातमोजे वापरायचे नसतात. धारदार पत्रा उचलताना मात्र ते हवेतच. त्या रविवारी मी त्याच्या वडिलांना भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून ती पत्रिका पुन्हा लिहिली.

पगारपत्रकाची पत्रिका त्या मानाने सोपी गेली. 12,000 रुपये मूळ वेतन आणि इतर भत्ते काहीच नाहीत, असे उदाहरण घेतले. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचे 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये आणि व्यवसाय कराचे 200 रुपये वजा जाता हातात 10,270 रुपये येतात, हे पाहून वर्गाने मालकाला चोर ठरवले. निधीत मालकही स्वतःच्या खिशातून भर घालतो, हे पटवायला एक पूर्ण तास गेला. महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर भरावा लागत नाही, हे कळल्यावर मुलींनी बाक वाजवले.

खरी अडचण आगीच्या पत्रिकेत आली. ‘भोंगा ऐकताच काम थांबवून बाहेर पडावे’ हे वाक्य मला अगदी निर्दोष वाटत होते. आमच्या वर्गात एक कर्णबधिर मुलगी आहे. तिने ते वाचून वहीच्या कोपऱ्यात लिहिले, “मला कसे कळणार?” 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमावर मी एक स्वतंत्र पत्रिका केली होती, त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादीही दिली होती आणि माझ्या समजुतीप्रमाणे समावेशनाचा विषय तेथे संपला होता. आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेबरोबर बसून आम्ही तिघींनी ती पत्रिका नव्याने रचली. भोंग्याबरोबर उघडझाप करणारा दिवा, शेजारच्या सहकाऱ्याने खांद्याला स्पर्श करून द्यायची ठरलेली खूण आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी या सोयीबद्दल विचारायचे वाक्य, हे सर्व त्यात आले. ते वाक्य त्या मुलीने स्वतः लिहिले आणि माझ्या मसुद्यापेक्षा ते निम्म्याने लहान होते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या तक्रारीचा भाग लिहिताना मी सर्वांत सावध होते. त्याबाबतच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. पण आमच्या मुली ज्या दुकानांत आणि गाळ्यांत जातील तेथे अनेकदा चार-पाचच माणसे असतात. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे मी ठळक अक्षरांत घातले आणि अठराच्या आतील मुलांसाठी 1098 हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी छापला.

छपाईत एक शेवटचा खोडा निघाला. कमी दिसणाऱ्या एका मुलासाठी मोठ्या टाइपात प्रती काढल्या तेव्हा सहा पानांची अकरा झाली आणि कार्यालयाने जादा कागदाला नकार दिला. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी त्या काढून घेतल्या. त्याचे बिल अजून माझ्या पर्समध्ये आहे. टर्नरच्या मुलाने मात्र छापील प्रतीतही एक उणीव शोधली. चकमध्ये, म्हणजे तुकडा पकडून ठेवणाऱ्या भागात, तो आवळायची चावी तशीच ठेवून लेथ कधीही सुरू करायचा नाही, हे त्याला वडिलांनी सर्वांत आधी शिकवले होते आणि माझ्या पत्रिकेत ते कुठेच नव्हते. चाळीस प्रतींवर ते वाक्य आम्ही पेनने लिहिले.