करवत लावायची नाही

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो ग्रीन मैदानावर पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या बँडची, जागतिक स्पर्धा असते. त्याआधीच्या दिवसांत आमच्या कारखान्यात उभं राहायला जागा नसते. हवेने थरथरून आवाज देणाऱ्या रीड बदलायच्या, सांध्यांवरचा मेणाचा दोरा नव्याने गुंडाळायचा, गळक्या बॅगा बसवायच्या, हे चालूच. त्याच गर्दीत एका बँडचे पाइप मेजर, म्हणजे बँडप्रमुख, सतराअठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात पणजोबांचे बॅगपाइप होते. हेंडरसनचे, ग्लासगोतच बनलेले, आफ्रिकन ब्लॅकवुडचे, हस्तिदंती कड्यांचे. मेजर म्हणाले, "ड्रोन कापून आखूड करून द्या."

हे दुखणं समजायला थोडं आत शिरावं लागेल. बोटं फिरतात ती नळी चँटर, तिच्यात स्वर नऊच. खांद्यावरचे तीन ड्रोन तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरतात: दोन टेनर चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली, बेस दोन सप्तकं खाली. ड्रोनचा वरचा भाग पिनवर, म्हणजे खालच्या तुकड्याच्या बारीक टोकावर, खाली सरकवला की सूर चढतो. १८८५ साली अलेक्झांडर एलिस या इंग्रज ध्वनितज्ज्ञाने मोजला तेव्हा हा षड्ज ४४१ हर्ट्झ होता, म्हणजे आपली पांढरी सहा. आज बँड ४८० च्या आसपास वाजतात, काळी पाचच्याही वर. असा कुठला नियम नाही. सूर चढा असला की वाजवणं तेजस्वी वाटतं, परीक्षकांच्या कानात भरतं, म्हणून एकाने चढवला की दुसरा त्याच्या मागे. आणि जुन्या ड्रोनना पिनवर सरकायला जागाच उरत नाही, म्हणून ते कापून घेतात.

मी कापायला नकार दिला आणि एक दिवस मागून घेतला. टेनरना सिंथेटिक रीड बसवल्या, त्यांचा स्क्रू आत घेतला, रीडची जीभ आवळून धरणारा ब्रिडल तिच्या टोकाकडे केसभर सरकवला. थरथरणारी जीभ आखूड झाली की रीडच चढी बोलते, मग ड्रोन पिनवर वर राहू शकतो. अति सरकवला तर रीड गुदमरते, म्हणून दर वेळी वाजवून बघायचं. दुपारपर्यंत टेनर पिनवर दोन बोटं वर आले, बेस जेमतेम अर्धं. पण आवाज! भरीव, गोल, तिन्ही ड्रोन एकमेकांत विरघळलेले. आजचे नवे ड्रोन इतक्या सहज तसे बोलत नाहीत.

मग मुलाला अंगणात उन्हात वाजवायला लावलं. चँटर तापला आणि सूर मोजायचं मीटर ४८४ वर गेलं. टेनर मागोमाग आले. बेस पिनच्या तळाला टेकला. स्पर्धेच्या दिवशी ऊन पडलं तर वर्तुळात उभं राहून तो काय करणार? चार परीक्षक असतात: दोघं पायपिंगचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळाचा. एक बेसुरा ड्रोन कुणालाही ऐकू जातो.

मी मेजरना म्हटलं, अख्खा बँड चार हर्ट्झ खाली घ्या. ते म्हणाले, "शेजारच्या बँडपुढे आम्ही मेलेले वाटू." त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल. पण चांगलं लाकूड कापून चांगला सूर मिळतो, हे मला पटत नाही, आणि या धंद्यात ते फार जणांना पटलेलं आहे. मुलगा उसने पाइप घेऊन उतरला. बँड अंतिम फेरीत गेला, त्यामुळे मेजरना माझं म्हणणं आता आणखीच कमी पटेल.

त्या मुलाला मी ४६६ हर्ट्झच्या षड्जाचा चँटर दिला, ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला बनवतात तसा. त्यावर तिन्ही ड्रोन पिनच्या मधोमध येतात. एकट्याने वाजवायला तो झकास आहे, बँडमध्ये मात्र चालणार नाही.

काल मेजरचा पुन्हा फोन आला. आणखी एक जुना सेट आहे, कापायचा आहे. आणा म्हटलं, रीडवर बघू काय होतं ते. करवत लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.